स्लोचा स्क्रू पिळण्यापूर्वी

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून जुन्या गाड्यांच्या प्रत्येक दुखण्यावर एकच निदान ऐकू येते: "पेट्रोल खराब आहे." माझ्या एका मित्राकडे 1998 सालची कार्ब्युरेटरवाली, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारे यांत्रिक साधन असलेली, मारुती जिप्सी आहे. ती गेल्या पावसाळ्यानंतर मुळशीच्या बाजूला चढावर अडखळू लागली, सिग्नलला उभी असताना थरथरून बंद पडू लागली, आणि तिलाही हेच निदान मिळाले. बंद पडणे थांबावे म्हणून एका गॅरेजमध्ये तिचा स्लो, म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन ज्या वेगाने फिरते तो वेग, वाढवून देण्यात आला होता. त्यानंतर ती बंद पडायची थांबली, पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नसे आणि मग गचका बसत असे. हे दोन दोष वेगळे नाहीत, पहिल्या दोषावर केलेल्या उपायातूनच दुसरा जन्मला आहे, हे मला या लेखात दाखवायचे आहे.

जिप्सी भारतात डिसेंबर 1985 मध्ये 970 सीसीच्या इंजिनासह आली. 1996 मध्ये तिला 1298 सीसीचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे इंजिन मिळाले, आणि 2000 मध्ये त्याच आकाराचे, पण कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारे, म्हणजे एमपीएफआय पद्धतीचे, 80 अश्वशक्तीचे इंजिन आले. 2019 मध्ये सर्वसामान्यांसाठी तिची विक्री थांबली. ताडोबात पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या आणि सह्याद्रीतील खडकाळ वाटांवर हौशी लोक चालवतात त्या जिप्सी आता सगळ्याच जुन्या झाल्या आहेत. त्यांच्या वापराचे एक वैशिष्ट्य निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. या गाड्या दिवसाचा बराचसा वेळ पूर्ण ताकदीने धावत नाहीत. त्या सावकाश चालतात, थांबतात, पुन्हा हलतात. म्हणजे इंजिन सतत स्लो आणि अर्धवट रेस यांच्या सीमेवर असते, आणि जुन्या इंजिनाचे बहुतेक दोष नेमके याच सीमेवर राहतात.

स्लोवर चालणाऱ्या इंजिनात काय घडते ते आधी पाहू. पेट्रोल इंजिनाची ताकद आपण हवा अडवून नियंत्रित करतो. थ्रॉटलची चकती, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेच्या वाटेवरची झडप, स्लोवर जवळजवळ पूर्ण बंद असते, खाली चार पिस्टन हवा ओढत असतात, आणि त्यामुळे चकती व सिलिंडर यांच्यामधील नळ्यांत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, दाब कमी होतो. रक्तदाब ज्या एककात मोजतात त्याच एककात सांगायचे तर समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरइतका असतो आणि सुदृढ इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये स्लोवर त्यापेक्षा सुमारे 430 ते 530 मिलिमीटरने कमी असतो. या फरकालाच मेकॅनिक व्हॅक्यूम म्हणतात, आणि तो मोजणारे साधे गेज हे माझ्या मते जुन्या गाडीच्या मालकाने घ्यावे असे पहिले उपकरण आहे. उंचीनुसार हा आकडा उतरतो, दर 300 मीटरला साधारण 25 मिलिमीटर. त्यामुळे रत्नागिरीत उत्तम दिसणारी गाडी महाबळेश्वरला शंभराहून अधिक मिलिमीटर कमी दाखवते आणि तरीही निरोगी असते.

आता मला सर्वांत आवडणाऱ्या गोष्टीकडे येतो. कमी दाबाच्या जागेकडे हवा अरुंद फटीतून धावते, आणि दाबातील फरक वाढवत नेला तर तिचा वेगही वाढत जातो, पण अमर्याद नाही. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे 53 टक्क्यांच्या खाली गेला की फटीच्या सर्वांत अरुंद भागात हवेचा वेग त्या ठिकाणच्या ध्वनीच्या वेगाइतका होतो आणि तिथेच थांबतो. कारण असे की आत दाब आणखी उतरला आहे ही 'बातमी' बाहेरच्या हवेपर्यंत पोहोचायची तर ती दाबाच्या लहरीतूनच, म्हणजे ध्वनीच्याच वेगाने, उलट दिशेने जावी लागते. समोरून हवा त्याच वेगाने येत असेल तर ती बातमी फटीच्या पलीकडे जाऊच शकत नाही. बाहेरच्या हवेला आतली ओढ वाढल्याचे कळतच नाही, म्हणून प्रवाहही वाढत नाही. आपल्या इंजिनात स्लोवर आतला दाब बाहेरच्या दाबाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो, म्हणजे ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. ज्या इंजिनाला आपण शांतपणे घुरघुरताना ऐकतो, त्याच्या थ्रॉटलच्या कडेने हवा सेकंदाला तीनशे मीटरहून अधिक वेगाने आत शिरत असते.

स्लो स्थिर राहण्याचे रहस्यही यातच आहे. थ्रॉटलच्या फटीतून दर सेकंदाला ठरावीकच हवा येणार असेल, तर इंजिन थोडे वेगाने फिरू लागताच तीच हवा अधिक फेऱ्यांत वाटली जाते, प्रत्येक सिलिंडरला वाटा कमी मिळतो, जोर घटतो आणि वेग पुन्हा खाली येतो. वेग घटला तर याच्या उलट घडते. कोणत्याही संगणकाशिवाय इंजिन स्वतःला सावरून घेते.

या व्यवस्थेत एक छिद्र पाडून पाहू. 1.3 लिटरच्या इंजिनाला स्लोवर सेकंदाला साधारण 2 ग्रॅम हवा लागते. कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगमध्ये किंवा एखाद्या तडकलेल्या रबरी पाईपमध्ये फक्त 2 मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले, तर वरच्याच नियमाने त्यातून सेकंदाला सुमारे अर्धा ग्रॅम हवा शिरते. ही हवा कार्ब्युरेटरला वळसा घालून येते, म्हणून तिच्यासोबत पेट्रोल येत नाही. शुद्ध पेट्रोलच्या प्रत्येक ग्रॅमला पूर्ण जळण्यासाठी 14.7 ग्रॅम हवा लागते. इथे तेच प्रमाण 17-18 पर्यंत जाते, आणि स्लोवरचे थंड, मंद मिश्रण इतके विरळ झाले की काही ठिणग्या फुकट जातात. इंजिन मिस मारते, थरथरते, बंद पडते. मात्र तेच इंजिन घाटात पूर्ण रेसवर असताना सेकंदाला 45 ग्रॅमच्या आसपास हवा घेते. थ्रॉटल उघडल्यामुळे आतला दाब बाहेरच्या दाबाच्या जवळ आलेला असतो, म्हणून छिद्रातून जवळजवळ काहीच शिरत नाही. जो दोष स्लोवर गाडी बंद पाडतो तो महामार्गावर नाहीसा होतो, याचे कारण एवढेच आहे. "गाडी पळते छान, पण उभी राहत नाही" असे वाक्य ऐकले की सर्वप्रथम हवेची गळती शोधावी.

गळतीऐवजी स्लोचा स्क्रू पिळला तर काय होते? कार्ब्युरेटरमध्ये स्लोचे पेट्रोल चकतीच्या खालच्या एका बारीक छिद्रातून येते. त्याच्या किंचित वर, चकतीची कड बंद स्थितीत जिथे टेकते त्या जागेला लागून, आणखी काही छिद्रे किंवा एक चीर असते. तुम्ही हलकेच ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा चकतीची कड या चिरेवरून सरकते, चीर व्हॅक्यूमच्या बाजूला उघडी पडते आणि मुख्य जेट (पेट्रोलचे मोठे तोंड) सुरू होईपर्यंतचे पेट्रोल तिच्यातून मिळते. ती म्हणजे स्लो आणि रेस यांच्यामधला पूल. स्लोचा स्क्रू पिळणे म्हणजे चकती कायमची थोडी उघडी ठेवणे. त्यामुळे ती चीर आधीच उघडी पडते, तिच्यातले जास्तीचे पेट्रोल स्लोला मिळते आणि गळतीने विरळ झालेले मिश्रण दाट होऊन गाडी उभी राहू लागते. मालकाला वाटते की काम झाले. प्रत्यक्षात पुलाचा अर्धा भाग उभ्या गाडीतच खर्च झालेला असतो, आणि पाय दाबल्यावर द्यायला काही उरत नाही. मित्राच्या जिप्सीचा तो मोकळा क्षण आणि नंतरचा गचका इथून आला होता.

पाय झटक्यात दाबल्यास आणखी एक अडचण येते. हवा हलकी असल्याने ती तत्काळ आत धावते, पण पेट्रोलचे थेंब जड असतात. शिवाय मॅनिफोल्डचा दाब एकदम वाढतो, आणि दाब वाढला की बाष्पीभवन मंदावते, म्हणून पेट्रोलचा काही भाग नळीच्या भिंतीवर ओल्या थरासारखा चिकटून मागे राहतो. ही तूट भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये ॲक्सिलरेटर पंप असतो. पाय दाबताच त्याचा छोटा डायाफ्राम (लवचीक पडदा) पेट्रोलची एक पिचकारी सोडतो. एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून, थ्रॉटल हाताने फिरवली असता कार्ब्युरेटरच्या तोंडात ही पिचकारी लगेच आणि ठळक दिसली पाहिजे. ती उशिरा किंवा थेंबथेंब येत असेल तर डायाफ्राम कडक झाला आहे किंवा तिचे तोंड तुंबले आहे.

एमपीएफआय जिप्सीत हेच काम संगणक करतो, आणि तिथे गळतीचे लक्षण उलटे असते. तिचा संगणक मॅनिफोल्डचा दाब मोजून हवेचा अंदाज बांधतो, म्हणून चोरवाटेने आलेली हवाही दाबात दिसते आणि तिच्यासाठीही पेट्रोल सोडले जाते. परिणामी मिश्रण फारसे बिघडत नाही, फक्त स्लो वाढतो. इंजिनाचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला आणि पाय मात्र ॲक्सिलरेटरवर नसेल, तर गाडी उतारावर आहे असे समजून संगणक पेट्रोल तोडतो. वेग उतरला की पुन्हा देतो, तो पुन्हा चढतो. सुई अशी खालीवर झुलू लागली की चालक म्हणतात गाडी हंटिंग करते. अशा गाडीत पाय दाबताच अडखळणे असेल, तर थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर तपासावा. त्याचा सुरुवातीचा भाग सर्वाधिक वापरला जात असल्याने तोच आधी झिजतो. मल्टिमीटर लावून थ्रॉटल सावकाश उघडली असता व्होल्टेज अखंड चढत गेले पाहिजे, मध्येच कोसळता कामा नये.

ठिणगीचा दोष याहून वेगळा ओळखू येतो. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून दुबळी कॉइल (ठिणगीचे व्होल्टेज तयार करणारी) किंवा तडकलेली प्लगची वायर स्लोवर निभावून नेते आणि चढावर भार पडताच मिस मारते. गाडी फक्त तिरकी झाल्यावर अडखळत असेल तर कार्ब्युरेटरच्या फ्लोटची, म्हणजे त्याच्या वाडग्यातील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, पातळी पाहावी, कारण हे वाडगे कलले की त्यातले पेट्रोलही जेटपासून दूर किंवा त्याच्यावर सरकते.

आता इथेनॉलबद्दल. वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल 6 फेब्रुवारी 2023 रोजी बंगळूरुमध्ये औपचारिकरीत्या आणले गेले, पण दहा टक्क्यांचे मिश्रण देशाने 2022 मध्येच गाठले होते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला हवा कमी लागते, एका ग्रॅमला सुमारे 9 ग्रॅम. त्यामुळे शुद्ध पेट्रोलचे 14.7 हे प्रमाण वीस टक्क्यांच्या मिश्रणात 13.5 पर्यंत उतरते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीइतकीच हवा देतो, आणि मिश्रण आठ टक्क्यांच्या आसपास विरळ होते. दहावरून वीस टक्क्यांवर जाताना पडणारा फरक याच्या निम्माच आहे. निरोगी इंजिन तो सहन करते. ज्या इंजिनात आधीच गळती आहे, त्याला मात्र तेवढाच धक्का सीमेपलीकडे ढकलायला पुरतो. जुने रबरी पाईप आणि डायाफ्राम इथेनॉलसाठी बनवलेले नसतात, आणि तीन महिने उभ्या गाडीच्या टाकीत ओलावा शिरला तर इथेनॉल पाण्यासह तळाशी वेगळे होऊ शकते. या तक्रारी खऱ्या आहेत. पेट्रोलला दोष देऊन पॅकिंग न तपासणे मात्र चूक आहे.

पेट्रोलच्या नळीवर बसवायच्या चुंबकांबद्दल तर स्पष्टच सांगायला हवे. हे चुंबक 'रेणू सरळ करतात' आणि स्लो सुधारतात, असे सांगून ते आजही विकले जातात. पेट्रोलमधील हायड्रोकार्बनवर चुंबकाचा परिणाम अत्यंत क्षीण असतो आणि चुंबकाच्या बाहेर पडताच त्याचा काहीही अंश उरत नाही. ज्या पैशांत असा चुंबक येतो त्यात पाईपचा नवा संच येतो.

मित्राच्या गाडीला आम्ही गेज लावले तेव्हा सुई 340 वर थरथरत होती. पुण्याच्या सुमारे 560 मीटर उंचीला ती 380 च्या वर अपेक्षित होती. ब्रेक बूस्टरकडे (व्हॅक्यूमच्या मदतीने ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या भागाकडे) जाणारा पाईप चिमटून पाहिला, फरक पडला नाही. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगीचा विद्युतप्रवाह वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम डायाफ्रामचा पाईप काढून तोंडाने ओढला, ओढ टिकली, म्हणजे तोही शाबूत होता. मग कार्ब्युरेटरच्या बुडाच्या सांध्यावर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारला आणि इंजिनाचा आवाज दोन क्षण बदलला, कारण पाण्याने फट तेवढा वेळ बुजवली होती. (काही जण यासाठी पेट्रोल ओततात. तापलेल्या इंजिनावर असे कधीही करू नये.) पॅकिंग एका कोपऱ्यात आक्रसले होते. ते बदलल्यावर स्लोचा स्क्रू जवळजवळ दीड फेरा उलटा फिरवावा लागला, मिश्रणाचा स्क्रू नव्याने बसवला, आणि सुई 440 वर स्थिर झाली. गचका गेला आहे. सकाळी थंड इंजिनावर झटकन पाय दिला तर किंचित अडखळणे अजून जाणवते. पिचकारी थोडी उशिरा येते आहे, म्हणून पुढच्या रविवारी ॲक्सिलरेटर पंप उघडायचा ठरला आहे.