पन्नास नोड, अडीचशे मीटर: एका तक्त्याची पार्श्वभूमी

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत मोबाइल अ‍ॅड-हॉक नेटवर्कवर लिहिलेले एम.ई.चे प्रबंध चाळले, तर एक ओळखीचा तक्ता वारंवार भेटतो: नोड (म्हणजे जाळ्यातले संच) ५०, रेडिओचा पल्ला २५० मीटर, हालचालीचे प्रारूप ‘रँडम वेपॉइंट’, सिम्युलेटर (नेटवर्कचे संगणकावर अनुकरण करणारी प्रणाली) एनएस-२. हे आकडे विद्यार्थ्याने विचारपूर्वक निवडलेले असतात असे क्वचितच म्हणता येईल. ते त्याच्याकडे वारशाने आलेले असतात.

टॉवर नाही, ठरलेला राउटर नाही, प्रत्येक संच स्वतःचे बोलणे पाठवतो आणि शेजाऱ्याचेही पुढे सरकवतो, या अ‍ॅड-हॉक नेटवर्कच्या कल्पनेचे मूळ अमेरिकी संरक्षण संशोधन संस्था डार्पाच्या १९७०च्या दशकातील पॅकेट रेडिओ प्रयोगांत (पॅकेट म्हणजे माहितीचा छोटा तुकडा) आहे. मात्र पॅकेटची वाट ठरवणाऱ्या दोन नियमसंचांची, म्हणजे प्रोटोकॉलची, तुलना करायची, तर पन्नास संच दोन्ही वेळा तंतोतंत सारखेच हलले पाहिजेत, आणि हे मैदानावर जमणे जवळपास अशक्य. सिम्युलेटरची गरज इथे निर्माण झाली.

‘रिअल’ नावाच्या सिम्युलेटरमधून १९८९मध्ये एनएस (‘नेटवर्क सिम्युलेटर’; एनएस-२ ही त्याचीच पुढची आवृत्ती) निघाले आणि १९९५पासून डार्पाच्या पाठबळावर वाढले, पण ते मुळात तारांच्या नेटवर्कसाठी होते. त्याला बिनतारी अंग जोडले कार्नेगी मेलन विद्यापीठातील मोनार्क गटाने. या गटाने १९९८मध्ये डीएसडीव्ही, टोरा, डीएसआर आणि एओडीव्ही या चार प्रोटोकॉलची तुलना प्रसिद्ध केली. त्यासाठी १५०० गुणिले ३०० मीटरच्या लांबट पट्टीत ५० नोड ९०० सेकंद फिरवले होते. पट्टी मुद्दाम लांबट ठेवली होती, म्हणजे पॅकेटला अनेक हातांतून जावे लागेल. पुढे हेतू विसरला गेला आणि आकडे राहिले.

त्यातला २५० मीटरचा आकडा तर विशेष फसवा आहे. एनएस-२च्या नेहमीच्या मांडणीत २४९ मीटरवर पॅकेट पोहोचते आणि २५१ मीटरवर पोहोचत नाही. सदाशिव पेठेतल्या वाड्यांच्या जाड भिंतींना असा काटेकोर नियम माहीत नाही. हालचालीचेही तसेच. रँडम वेपॉइंटमध्ये प्रत्येक नोड मनाला येईल तिकडे जातो, थांबतो, पुन्हा निघतो. आषाढी वारीत हडपसरकडे निघालेली दिंडी मात्र रांग धरून चालते, म्हणजे तिच्यासाठी समूहाने हलणारे प्रारूप हवे. शिवाय किमान वेग शून्य धरला, तर लांबच्या ठिकाणी अगदी हळू निघालेले नोड वाटेतच अडकून राहतात आणि सरासरी वेग घसरत जातो, हे २००३मध्ये दाखवून दिले गेले. २००५च्या एका आढाव्यात अ‍ॅड-हॉक नेटवर्कवरील मोबीहॉक परिषदेचे १५१ निबंध तपासले गेले. त्यांपैकी ११४ सिम्युलेशनवर आधारलेले होते, आणि त्यातल्या ३४ निबंधांनी सिम्युलेटरचे नावदेखील दिले नव्हते.

एनएस-३ची पहिली आवृत्ती २००८मध्ये आली. ती एनएस-२ची सुधारणा नव्हे, नव्याने केलेली बांधणी आहे. त्यामुळे टीसीएल भाषेतल्या जुन्या स्क्रिप्ट तिच्यावर चालत नाहीत, आणि तयार स्क्रिप्ट हाताशी असलेला विद्यार्थी जुन्याकडेच वळतो. एनएस-२ मात्र २०११च्या २.३५ या आवृत्तीवर थांबले. उबंटू या संगणकप्रणालीच्या नव्या आवृत्तीवर ते बसवताना लिंकस्टेट फोल्डरातील एका फाइलीच्या १३७व्या ओळीवर कंपायलर हमखास अडतो. तिथे ‘इरेज’ या शब्दाआधी ‘धिस’ आणि बाणाची खूण घालावी लागते. ही युक्ती सीनियर ज्युनियरला सांगतो आणि सोबत पेनड्राइव्ह देतो. तक्ता त्याच पेनड्राइव्हमध्ये असतो.