पऱ्हाटीच्या ओळीतले विष: फवारणीची विषबाधा आणि ती रोखू पाहणाऱ्या धोरणाची पार्श्वभूमी

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर, म्हणजे पऱ्हाटीवर, कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि आठशेच्या वर माणसांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कित्येकांना काही दिवस डोळ्यांनी दिसेनासे झाले होते. अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या शेजारच्या जिल्ह्यांतही रुग्ण सापडले. मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारले, अशी कारणे तेव्हा पुष्कळ सांगितली गेली. ती खोटी नव्हती. मात्र त्या हंगामात जे घडले त्याची मुळे शेतापासून दूर, कीटकनाशकाला विक्रीची परवानगी देणाऱ्या टेबलापर्यंत जातात, आणि ती समजून घेण्यासाठी किमान साठ वर्षे मागे जावे लागते.

भारतात कीटकनाशकांसाठी स्वतंत्र कायदा झाला तो एका दुर्घटनेमुळे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन या अतिविषारी कीटकनाशकाचा संसर्ग झालेले धान्यपीठ खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे मेली. अन्नाचा माल आणि विषाचा माल एकाच जहाजातून आणल्यामुळे हे घडले होते. चौकशीसाठी न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला, आणि पुढे दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा संमत झाला. त्याची अंमलबजावणी १९७१ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी नियमही आले. या कायद्याच्या जन्मामागची चिंता वाहतुकीची, साठवणुकीची आणि भेसळीची होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. पाठीवर पंप घेऊन पिकाच्या ओळीतून चालणारा माणूस त्या वेळी कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर फारसा नव्हता.

तरीही नियम वाचले तर त्यांत बरेच काही चांगले सापडते. डब्यावरच्या चौकटीत लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असावा लागतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, आणि त्यावर कवटीचे चिन्ह छापणे बंधनकारक आहे. कीटकनाशकांशी संबंध येणाऱ्या कामगारांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वसनासाठीची साधने, प्रथमोपचाराचे साहित्य, उताऱ्याच्या औषधांचा साठा, प्रशिक्षण आणि रिकाम्या डब्यांची विल्हेवाट या सगळ्यांसाठी वेगवेगळे नियम आहेत. कायद्याच्या कलम २६ नुसार विषबाधेची प्रत्येक घटना ठरावीक अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. माझ्या मते हे त्या कायद्यातले सर्वांत दूरदृष्टीचे आणि सर्वांत दुर्लक्षित कलम आहे, कारण ज्याची मोजणी होत नाही त्याला आवर घालता येत नाही. हिवतापाचा रुग्ण सापडला की आरोग्य यंत्रणा रक्तनमुन्यापासून गावातल्या साचलेल्या पाण्यापर्यंत माग काढते. फवारणीच्या विषबाधेचा रुग्ण आला की नोंद पोलिसांकडे जाते; कोणत्या रसायनामुळे, कोणत्या मिश्रणामुळे आणि कोणत्या पिकात ती झाली, हा प्रश्न आरोग्याच्या नोंदवहीत क्वचितच उरतो.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ३८ क्रमांकाचे. स्वतःच्या वहितीखालील जमिनीत, परसबागेत किंवा घरगुती कामासाठी कीटकनाशक वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही, असे ते सांगते. लहान कास्तकाराला परवाने आणि तपासण्यांच्या जाचातून वाचवण्याचा हेतू त्यात असावा. परिणाम मात्र असा झाला की कारखान्यात डबा भरणाऱ्या कामगारासाठी संरक्षक कपड्यांचा नियम आला आणि तोच डबा उघडून फवारणाऱ्या शेतकऱ्यासाठी केवळ सूचनापत्रक उरले. बारीक अक्षरांत, अनेक भाषांत छापलेले ते पत्रक बांधावर उभे राहून वाचणे जवळपास अशक्य असते.

विदर्भात फवारणी वाढत गेली ती कपाशीमागोमाग. देशी वाणांची कपाशी किडींना बऱ्यापैकी तोंड देत असे. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा पहिला व्यापारी संकरित वाण आला, त्यानंतर संकरित कपाशीचा प्रसार झाला आणि तिच्याबरोबर खत व फवारणीचा खर्चही आला. ऐंशीच्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे आली. त्यांच्या बेसुमार वापराने हिरव्या बोंडअळीत प्रतिकारशक्ती तयार झाली, आणि एका फवारणीने भागत होते तिथे चार-पाच लागू लागल्या. २००२ मध्ये बीटी कपाशीला (बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या वाणाला) परवानगी मिळाली तेव्हा ही फवारणी संपेल अशी आशा होती आणि पहिली काही वर्षे बोंडअळीसाठीची फवारणी खरोखरच घटली. पण तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे आणि मावा या रसशोषक किडींवर बीटीचा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठीची फवारणी वाढत राहिली. पुढे गुलाबी बोंडअळीनेही दोन जनुकांच्या बीटीला दाद देणे सोडले. आधी गुजरातेत आणि मग महाराष्ट्रात ती बोंडात शिरलेली दिसू लागली. कोरडवाहू शेतीत, कर्ज काढून घेतलेल्या बियाण्याचे पीक डोळ्यांदेखत किडताना पाहणाऱ्या कास्तकाराला कृषी केंद्रात जे सांगितले गेले ते त्याने घेतले, यात त्याला दोष देता येत नाही.

२०१७ च्या हंगामात या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या. पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच आणि दाट वाढली होती, काही शेतांत ती माणसाच्या डोक्याला टेकत होती. पीक गुडघ्याइतके असते तेव्हा फवारा खाली पडतो. पीक खांद्याला लागले की तोच फवारा तोंडावर, मानेवर आणि छातीवर येतो. त्यात बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणारे पंप आले होते. त्यांचा फवारा हातपंपापेक्षा बारीक, वेगवान आणि हवेत जास्त वेळ राहणारा असतो. दमट उकाड्याने घाम येतो, ओल्या अंगातून विष लवकर भिनते, आणि गळक्या पंपातून पाठीवर झिरपणारे पाणी दिवसभर अंगावर वाळते. दोन-तीन कीटकनाशके, त्यात वाढ-संजीवक, त्यात विद्राव्य खत असे मिश्रण एकाच टाकीत करण्याची सवय सर्वत्र पडली होती. फवारणीसाठी लावलेला मजूर आज या शेतात तर उद्या त्या शेतात असे सलग कित्येक दिवस हेच काम करत असे. जमीनमालकाची फवारणी दोन दिवसांत संपते, मजुराची हंगामभर चालते, आणि मृतांत मजूर का होते याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. फवारलेल्या शेतात दुसऱ्याच दिवशी निंदणाला जाणाऱ्या बायांच्या अंगावर किती विष येते, याची तर तेव्हा फारशी चर्चाही झाली नाही.

दवाखान्यातली अडचण वेगळी होती. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अॅसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. त्यामुळे लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या आणि श्वास घ्यायला त्रास अशी ओळखीची लक्षणे दिसतात. त्यावर अॅट्रोपिन आणि पॅम ही औषधे आहेत, आणि रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी करून विषबाधेची तीव्रता समजू शकते. मात्र डायफेन्थियुरॉनसारखे रसायन या गटातले नाही आणि त्यावर नेमका उतारा नाही. रुग्णाने मिश्रण फवारले असेल आणि रिकामा डबा सोबत आणला नसेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरला लक्षणांवरूनच वाट काढावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतच्या प्रवासात जे तास जातात, त्यांचीही किंमत रुग्णाला मोजावी लागते.

राज्य सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर जनहित याचिका आली. मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी दोन लाख रुपयांची मदत जाहीर झाली. पुढच्या महिन्यात राज्याने पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस, अॅसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि दोन तयार मिश्रणे होती. ६० दिवसच का, असे अनेकांनी संतापाने विचारले. याचे उत्तर कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे: राज्याला तातडीची बंदी ६० दिवसांपुरती घालता येते, फार तर ती ३० दिवसांनी वाढवता येते, कायमची बंदी घालण्याचा अधिकार केंद्राचा आहे. म्हणजे बंदी आली तेव्हा फवारणीचा हंगाम सरत आला होता आणि पुढच्या पोळ्याच्या सुमारास तेच डबे पुन्हा दुकानात ठेवायला कायद्याची आडकाठी नव्हती.

त्यानंतरच्या हंगामांत गावोगावी सुरक्षा किटचे वाटप आणि फवारणीच्या काळजीची शिबिरे झाली. त्यांचे मोल मी कमी लेखत नाही, कारण ज्याला उद्या सकाळी फवारायला जायचे आहे त्याला आज हातमोजे मिळालेच पाहिजेत. पण कामाच्या ठिकाणचे धोके रोखण्याच्या शास्त्रात उपायांचा एक क्रम सर्वमान्य आहे. धोकादायक वस्तूच काढून टाकणे हा सर्वांत परिणामकारक उपाय, त्याखाली तिच्या जागी कमी घातक वस्तू आणणे, त्याखाली यंत्रात आणि कामाच्या पद्धतीत बदल, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत कमी भरवशाचा उपाय म्हणून अंगावर घालायची साधने. भाद्रपदातल्या उन्हात प्लास्टिकचा अंगरखा, गॉगल आणि मास्क घालून चार तास पंप वाहणे माणसाला जमत नाही. जो जमवतो त्याला उष्णतेचा त्रास होतो. आपल्या धोरणाने या क्रमाची शेवटची पायरी पहिली धरली आणि विष रोखण्याचा भार विष झेलणाऱ्याच्याच खांद्यावर ठेवला.

वरच्या पायरीवरून सुरुवात करणारा देश आपल्या शेजारीच आहे. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस व मेथामिडोफॉस, १९९८ मध्ये एंडोसल्फान, आणि २००८ ते २०११ या काळात डायमेथोएट, फेन्थिऑन व पॅराक्वाट टप्प्याटप्प्याने बाजारातून हटवले. तिथला आत्महत्येचा दर १९९५ मध्ये लाखामागे ५७ होता, तो २०१५ पर्यंत १७ वर आला, आणि भाताच्या उत्पादनात त्या बंदीमुळे घट झाल्याचे आढळले नाही. शेतकरी आत्महत्यांचे दुःख भोगणाऱ्या विदर्भासाठी या आकड्यांचे मोल मोठे आहे. संकटाची लाट अनेकदा काही तासांची असते. त्या तासांत हाताशी अतिविषारी डबा नसेल तर माणूस वाचण्याची, दवाखान्यात पोचण्याची आणि पुन्हा उभा राहण्याची शक्यता वाढते. अपघाती विषबाधा आणि आत्महत्या हे दोन वेगळे प्रश्न असले तरी दुकानाच्या फळीवरून तोच डबा हटवल्याने दोन्हींना आळा बसतो.

प्रतिबंधाचे काही उपाय तर आरोग्य खात्याच्या कागदावर दिसतही नाहीत. महाराष्ट्रात बीटी कपाशीचे बियाणे १ जूनच्या आधी शेतकऱ्याला विकू नये, असा दंडक गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तोडण्यासाठी घातला जाऊ लागला. मान्सूनपूर्व लागवड टळली की अळीला सुरुवातीचे खाद्य मिळत नाही. फरदड (मुख्य वेचणीनंतर तेच पीक पुढे राखणे) न घेता डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाट्या उपटून टाकणे, मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावणे, निंबोळी अर्काची पहिली फवारणी करणे या कृषी विभागाच्या आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीही याच वाटेच्या आहेत. टळलेली प्रत्येक फवारणी हा मजुराच्या शरीरात न गेलेला विषाचा एक घोट आहे, आणि म्हणून बियाणे विक्रीची तारीख पाळली जाते की नाही याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणूनही पाहायला हवे.

केंद्राच्या पातळीवरचा प्रवास फारच संथ आहे आणि मोनोक्रोटोफॉसच्या उदाहरणावरून तो नीट कळतो. जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिघातक वर्गात मोजते. भारताने २००५ मध्ये भाजीपाल्यावर त्याचा वापर बंद केला, पण कपाशीवर चालू ठेवला. एकच डबा एका पिकासाठी वैध आणि दुसऱ्यासाठी अवैध ठरला, तर गावातल्या दुकानात तो फरक टिकणार कसा? जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनात मोनोक्रोटोफॉस गेल्याने २३ मुलांचा बळी गेला. त्याच वर्षी केंद्राने अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून इतर देशांत बंदी असलेल्या ६६ कीटकनाशकांचा फेरविचार सुरू केला. त्यातून ऑगस्ट २०१८ मध्ये १८ रसायनांवर बंदीचा आदेश निघाला, १२ तत्काळ आणि उरलेली सहा रसायने डिसेंबर २०२० अखेर बंद करायची होती. मोनोक्रोटोफॉस त्यांत नव्हते. मे २०२० मध्ये आणखी २७ रसायनांच्या बंदीचा मसुदा आला, त्यात मोनोक्रोटोफॉस आणि अॅसिफेट दोन्ही होती. आक्षेप आले, फेरतपासणी झाली, आणि २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा डायकोफॉल, डिनोकॅप व मेथोमिल या तिघांवर बंदी आली आणि मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाचा शिल्लक साठा संपवण्यासाठी मुदत ठरली. मध्यंतरी १९६८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २००८ आणि २०२० मध्ये कीटकनाशक व्यवस्थापन विधेयके संसदेत मांडली गेली, पण दोन्हींचे कायद्यात रूपांतर झाले नाही. यवतमाळच्या हंगामात ज्यांच्यावर ६० दिवसांची बंदी आली होती, त्यांपैकी अॅसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि दोन तयार मिश्रणे २०२३ च्या आदेशाच्या बाहेरच राहिली.