सहा कोटी कृमी आणि कानातलं एक दार

माणसाच्या एका कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या भागात, साधारण १६ हजार केसपेशी असतात. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रत्येकीच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचा पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा तुरा असतो आणि आखूड केसाचं टोक शेजारच्या उंच केसाला प्रथिनाच्या धाग्याने बांधलेलं असतं. आवाजाने तुरा उंच केसांच्या बाजूला कलतो, धागा ताणला जातो, आखूड केसाच्या टोकावरचं दार उघडतं. पोटॅशियम आत शिरतं, पेशी ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सोडते आणि चेतातंतू संदेश मेंदूकडे नेतो.

या दाराचा मुख्य भाग म्हणजे टीएमसी-१ हे प्रथिन. त्याचं जनुक २००२ साली सापडलं, तेही आनुवंशिक बहिरेपण असलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून. (याच जनुकात दोष असलेल्या उंदरांच्या एका वाणाला संशोधकांनी ‘बेथोवेन’ नाव दिलंय!) दार दिसतं कसं, हे कळायला मात्र २०२२ उजाडलं. अडचण एकच होती: माल मिळत नव्हता.

एरवी हवं ते जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत घालतात आणि प्रथिन भरपूर बनवून घेतात. मेंदूतल्या ग्लुटामेट-ग्राहकांची (ग्लुटामेट ओळखणाऱ्या प्रथिनांची) रचना आधी अशीच उलगडली. टीएमसी-१ मात्र अशा पेशींत पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही, आतल्या जाळ्यात अडकून बसतं. उंदराच्या कानातून काढावं, तर एका कानात केसपेशी सुमारे ३ हजार.

अमेरिकेत पोर्टलंडमधल्या एरिक गूओ यांच्या गटाने मग जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा सी. एलेगन्स हा कृमी निवडला. त्याला कान नाहीत, पण स्पर्शासाठी टीएमसी-१ आहे. क्रिस्पर या जनुकं कापण्या-जोडण्याच्या तंत्राने त्याच्या मूळ जनुकालाच एक चमकणारी खूण आणि पकडायला एक ‘शेपूट’ जोडलं. मग सुमारे ६ कोटी कृमी वाढवून फोडले. पेशीपटलात रुतलेलं प्रथिन सौम्य डिटर्जंटने सोडवलं. इथे हात जड पडला तर जोडीदार प्रथिनं सुटून जातात आणि हाती नुसता सांगाडा राहतो. शेपटाला धरून गाळलं आणि कोणत्या टप्प्यावर किती माल उरला, हे चमकेवरून ताडलं.

पुढचं काम क्रायो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं, म्हणजे नमुना गोठवून इलेक्ट्रॉनांनी त्याची चित्रं टिपणाऱ्या यंत्राचं. जाळीवर काही मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा, टिपकागदाने जवळजवळ सगळा टिपायचा आणि जाळी क्षणात द्रव इथेनमध्ये बुडवायची. द्रव नायट्रोजन त्याहून थंड असतो, पण तो जाळीभोवती उकळून वायूचं कवच तयार करतो. त्यामुळे गोठणं मंदावतं, पाण्याचे स्फटिक होतात आणि नमुना वाया जातो. थर जाड राहिला तर चित्र धूसर, फार पातळ झाला तर प्रथिन हवेच्या कडेला जाऊन उलगडतं. सगळे कण एकाच कुशीवर झोपले तरी पंचाईत, कारण वेगवेगळ्या बाजूंनी टिपलेली असंख्य चित्रं जुळवूनच त्रिमितीय रूप उभं राहतं.

दिसलं ते अकॉर्डियनसारखं: टीएमसी-१ च्या दोन प्रती, प्रत्येकीला स्वतःची वाट. आतल्या बाजूने कॅल्शियम धरणारं प्रथिन चिकटलेलं, दोन्ही कडांना टीएमआयई हे आणखी एक प्रथिन. ताण दारापर्यंत पोचवणारी मूठ बहुधा हे टीएमआयईच. पण कृमीच्या या चित्रात कानातला तो धागा नाही, त्यामुळे ओढ नेमकी कुठे बसते हे त्यात दिसत नाही.