लाल शर्टवर ठेवला तर सरडा लाल होतो?

नाही होत, पण तरी पावसाळा सरला की येऊर, आरे, बोरिवलीच्या नॅशनल पार्ककडून तसले व्हिडिओ येतातच, कोणीतरी हिरवागार घोयरा (तोच तो, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा) उचलून रंगीत कापडावर ठेवतो आणि म्हणतो "बघा हां, आता बदलेल". बदलतो की, पण कापड बघून नाही, घाबरून! अंगावर काळपट ठिपके-पट्टे उमटले म्हणजे त्याला ताण आलाय. सकाळच्या गारठ्यात ऊन शोषायला तो गडद होतो, दुसरा नर दिसला की वेगळंच. 2015 मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी मादागास्करच्या 'पँथर' नावाच्या घोयऱ्यांत दाखवलं की त्वचेतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या बारीक स्फटिकांमधलं अंतर बदलतं आणि त्याने रंग पालटतो. पानात तो दिसत नाही कारण मुळातच हिरवा आहे, बस्स.

फोटो हवाय तर रात्री टॉर्चने फांद्यांची टोकं बघा, झोपलेला घोयरा फिकट पडतो आणि पटकन दिसतो. दोन क्लिक करा, टॉर्च बंद, निघा. हात लावू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे.

आणि कंपाउंडवरचा लाल मानेचा सरडा (हा घोयरा नव्हे, वेगळा) लोक म्हणतात तसा रक्त पीत नाही, विणीच्या काळातला नर आहे तो.