गृहपाठाची आठवण कोणी ठेवायची?

कोल्हापुरातील कोणत्याही पेठेत संध्याकाळ झाली की पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘आज गृहपाठ काय दिला आहे?’ हा प्रश्न हमखास येतो. कोणीतरी वहीच्या पानाचा फोटो टाकते आणि अभ्यास पूर्णही होतो. मात्र वर्गात सांगितलेले काम घरी आठवून काढण्याचा जो व्यायाम मुलाच्या मेंदूने करायचा, तो आईच्या मोबाइलने केलेला असतो.

पुढे करायची गोष्ट वेळेवर आठवणे, कामांचा क्रम लावणे आणि समोरचा मोह आवरणे या क्षमता मुख्यतः कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर अवलंबून असतात आणि मेंदूच्या या भागाची वाढ विशीतही सुरू असते. म्हणूनच आठ वर्षांच्या मुलाला ‘तुझे तू बघ’ म्हणून एकदम मोकळे सोडणे योग्य नव्हे.

वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांच्या 1976 च्या अभ्यासात 3 ते 5 वर्षांची मुले लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचत असताना शिकवणारी व्यक्ती जमेल तेवढे त्यांनाच करू देई आणि अडल्यावरच मदत करी. या मदतीला संशोधकांनी बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. तालमीतल्या वस्तादांना हे वेगळे सांगावे लागत नाही. डाव ते समजावतात, पण कुस्ती पोरालाच करावी लागते. आपल्या घरांत बहुधा उलटे घडते: गणित समजावायला वेळ नसतो, आठवण मात्र दहा वेळा करून दिली जाते. माझ्या मते आधी काढून घ्यायची ती आठवणीची परांची. समजावण्याची मदत हवी तर वर्षभर राहू द्यावी.

आठवणीच्या परांचीच्या जागी मुलाने स्वतः ठरवलेली खूण हवी. ‘रंकाळ्यावरून खेळून आलो, हातपाय धुतले, की गणिताची वही काढायची’ अशी प्रसंगाला बांधलेली योजना नुसत्या निश्चयापेक्षा अधिक वेळा पाळली जाते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनात दिसते.

सुरुवातीला एखादा गृहपाठ राहणारच. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये अमेरिकेतील अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यात गृहपाठ आणि शैक्षणिक यश यांचा संबंध प्राथमिक वर्गांत वरच्या इयत्तांपेक्षा बराच कमकुवत आढळला. त्यामुळे ही चूक चौथीत होऊ देणे दहावीपेक्षा पुष्कळच स्वस्त पडते; फक्त वर्गशिक्षकांना आधी कल्पना द्यावी आणि वहीतल्या शेऱ्याचे उत्तर मुलालाच देऊ द्यावे.