न्यूयॉर्कबाहेरची रंगभूमी : अमेरिकेतील प्रादेशिक नाट्यसंस्थांची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांत वर्षभर नाटके करणारा कायमचा नटसंच असे. रेल्वेचे जाळे पसरल्यावर न्यूयॉर्कमध्ये बसवलेले नाटक नेपथ्यासकट गावोगावी नेणे परवडू लागले आणि हे स्थानिक संच एकामागून एक मोडले. 1896 मध्ये काही बड्या व्यवस्थापकांनी 'थिएट्रिकल सिंडिकेट' स्थापून देशभरातील नाट्यगृहांच्या तारखा ताब्यात घेतल्या, तेव्हा कोणत्या शहराने काय पाहायचे हेही न्यूयॉर्कच्या कचेरीत ठरू लागले. पुढे बोलपटांनी दौऱ्यांचा धंदाही बसवला. प्रादेशिक नाट्यसंस्थांची चळवळ या पोकळीतून उभी राहिली.

तुरळक अपवाद आधीही होते. क्लीव्हलंड प्ले हाउस 1915 पासून चालू होते. ओरेगनमधील ॲशलंड या लहान गावात अँगस बोमर या अध्यापकाने 1935 मध्ये एका जुन्या सभागृहाच्या उरलेल्या भिंतींच्या आत शेक्सपिअरची नाटके केली. नाटकांत तोटा येणार या धास्तीने गावाने त्याच मंचावर दिवसा मुष्टियुद्धाचे सामने ठेवले. प्रत्यक्षात सामनेच तोट्यात गेले आणि तो तोटा नाटकांच्या उत्पन्नातून भरून निघाला. त्यातून उभा राहिलेला शेक्सपिअर महोत्सव आजही चालतो.

चळवळीचा खरा पाया मात्र तीन स्त्रियांनी घातला. मार्गो जोन्स यांनी 1947 मध्ये डॅलसमध्ये व्यावसायिक नटांची ना-नफा संस्था काढली. त्याच वर्षी, पूर्वी त्यांच्याबरोबर काम केलेल्या नीना व्हान्स यांनी ह्यूस्टनमध्ये 214 पोस्टकार्डे पाठवून नाट्यप्रेमींची सभा बोलावली आणि त्यातून ॲली थिएटर जन्मले. 1950 मध्ये झेल्डा फिचँडलर यांनी सहकाऱ्यांसह वॉशिंग्टनमधील एका जुन्या चित्रपटगृहात अरेना स्टेज सुरू केले. तिघींनीही प्रेक्षकांना मंचाच्या चारही बाजूंना बसवले. त्यामुळे पडदे आणि रंगवलेल्या देखाव्यांचा खर्च वाचे आणि कोणतीही जागा नाटकासाठी वापरता येई. राजधानीतील जुन्या नॅशनल थिएटरने कृष्णवर्णीय प्रेक्षकांना प्रवेश देण्यापेक्षा नाटके बंद करून चित्रपट दाखवणे पसंत केले होते, त्या काळात अरेनाने सर्वांना एकत्र बसवले, ही गोष्ट मला तिच्या कोणत्याही कलात्मक यशाइतकीच मोलाची वाटते.

1950 च्या दशकाअखेरीस फोर्ड फाउंडेशनची अनुदाने सुरू झाली आणि अशा संस्थांना प्रथमच पुढील काही वर्षांचा विचार करता आला. अभिजात नाटकांसाठी कायमचा संच हवा, या आग्रहातून ब्रिटिश दिग्दर्शक टायरोन गथ्री यांनी न्यूयॉर्कबाहेरील शहरांना आवाहन केले, आलेल्या प्रस्तावांतून मिनिआपोलिस निवडले आणि 7 मे 1963 रोजी 'हॅम्लेट'ने तेथील नाट्यगृह उघडले. 1965 मध्ये कलांसाठी राष्ट्रीय निधी स्थापन झाल्यावर केंद्र सरकारचा पैसाही येऊ लागला.

न्यूयॉर्कशी असलेले नाते मात्र तुटले नाही. 1967 मध्ये अरेनाने हॉवर्ड सॅकलर यांचे 'द ग्रेट व्हाइट होप' हे प्रचंड पात्रसंख्येचे नाटक बसवले. पुढच्या वर्षी ते प्रमुख नट जेम्स अर्ल जोन्स यांच्यासह ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, गेले, त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले, पण अरेनाच्या पदरी त्या कमाईतला छदामही पडला नाही. या अनुभवानंतर संस्था नव्या नाटकांच्या करारांत पुढील उत्पन्नातला आपला वाटा नोंदवून घेऊ लागल्या. ज्या नटसंचासाठी हा सारा खटाटोप होता, तो पुढे बहुतेक संस्थांना पोसवला नाही. आता अनेक ठिकाणी नाटकापुरते नट घेतले जातात आणि त्यांतले बरेचसे न्यूयॉर्कहूनच येतात.