गल्ल्यात पाचशे कमी

नवरात्रात कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानात दिवसभर पाय ठेवायला जागा नसते. रात्री शटर अर्धं खाली आलं की गल्ला मोजायचा, आणि वादाला तोंड फुटतं ते बहुधा तिथंच. समजा, हिशेबात पाचशे कमी आलेत. मालक सगळ्यांदेखत विचारतात, "पाचशे गेलं कुठं?" कॅशवरचा पोरगा ताडकन म्हणतो, "म्हणजे मी घेतलं म्हणायचं हाय काय मालक तुम्हाला?" चोरीचा शब्दही कुणी काढलेला नसतो. पण साड्यांच्या घड्या घालणाऱ्यांचे हात थांबलेले असतात, आणि पोराचं लक्ष त्या हातांकडं असतं.

सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या अमेरिकन संशोधकांनी 2004 मध्ये ताणावरचे 208 प्रयोग एकत्र तपासले. कुठं तोंडी गणितं करायला लावली होती, कुठं भाषण, कुठं नुसता कर्कश आवाज ऐकवला होता. ताणात स्रवणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक सर्वांत जास्त कधी वाढलं? चार लोकांसमोर आपली लायकी जोखली जातेय आणि आपल्या हातात काहीच नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा. ते खाली उतरायलाही अशाच वेळी सर्वांत जास्त वेळ लागला. गल्ल्यापाशी या दोन्ही गोष्टी आयत्याच जुळून येतात. मालकांचा आवाज चढलेला नसला तरी काही फरक पडत नाही.

असा प्रसंग सांभाळायला भावनिक बुद्धिमत्ता लागते, असं म्हणतात. पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ही कल्पना मांडली, ती स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखून विचार करताना त्यांचा उपयोग करण्याची क्षमता म्हणून. डॅनियल गोलमन यांच्या 1995 च्या पुस्तकानं ती घराघरांत पोचवली. ट्रेनिंगवाल्यांच्या हाती पडल्यावर मात्र तिचं 'राग गिळा, हसत बोला' होऊन बसलं. हा सल्ला मला तरी धोक्याचा वाटतो. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना युद्धातल्या संहाराची फिल्म दाखवून त्यावर बोलायला बसवलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सांगितलं होतं, मनातलं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. तेव्हा समोरच्या बाईचा रक्तदाब वाढला, आणि तिला तर या सूचनेचा पत्ताही नव्हता. म्हणजे मालकांनी दातओठ आवळून "काही नाही, जा घरी" म्हटलं, तर पोराला रात्रभर झोप लागेलच असं नाही.

मग बोलायचं कसं? मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या प्रयोगात लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. चेहऱ्यावरची भावना शब्दानं ओळखली की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची वर्दी देणाऱ्या भागाची, हालचाल कमी व्हायची. प्रयोगशाळेतले फोटो आणि समोरचा जिवंत मालक यांत अंतर आहे, हे कबूल. तरी "हिशेब जुळंना म्हणून मला टेन्शन आलंय, तुझ्यावर संशय न्हाई" एवढं एक वाक्य बोलायला काय जातं? तेही बाकीचे गेल्यावर, नाहीतर सकाळी दुकान उघडण्याआधी, दोघंच असताना. तोवर क्यूआरवर आलेले पैसे तपासून होतात. बिल रोखीचं फाडलं आणि गिऱ्हाइकानं फोनवरून पैसे भरले, असं गर्दीत होतच असतं.

जागा आणि वेळ निवडणं हाच मला भावनिक बुद्धिमत्तेतला मोठा भाग वाटतो, आणि तो मालकाच्याच हातात असतो. दिवसभर उभं राहिलेल्या नोकराकडून रात्री संयमाची अपेक्षा करणं तसं अवघडच. रात्रभर जागवलेल्या माणसांचा अमिग्डाला नकोशा चित्रांना कितीतरी जास्त भडकून प्रतिसाद देतो, असं 2007 मध्येच आणखी एका प्रयोगात दिसलं होतं. सणासुदीत दुकानातल्या पोरांची झोप किती होते, ते वेगळं सांगायला नको. केरळनं 2018 मध्ये आणि तमिळनाडूनं 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्यानं दिला. आपल्याकडं काउंटरमागं एखादं स्टूल ठेवायला कायद्याची वाट बघायची गरज नाही.